विदर्भाच्या उन्हात टिकेल असं डोळ्यांचं जेल : औषध निवडण्यापासून चाचण्यांपर्यंत

सोयाबीनची मळणी आणि तुरीची कापणी सुरू झाली की विदर्भातल्या नेत्ररुग्ण विभागात एकाच प्रकारच्या तक्रारी येऊ लागतात. मळणीयंत्राचा भुसा डोळ्यात उडाला, तुरीची काडी लागली, पऱ्हाटी उपटताना टोक घासलं. कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, बारीकसा ओरखडा उठतो. काडीबरोबर आलेली फ्युजेरियम किंवा अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी त्यात घर करते आणि काही दिवसांत पांढरा व्रण दिसू लागतो. त्यावरचं मुख्य औषध म्हणजे ५ टक्के नाटामायसिन. सुरुवातीला ते दर तासाला, निदान दर दोन तासांनी एक थेंब घालायचं असतं.

वेचणीला गेलेली बाई दर तासाला हात धुऊन, आडवं होऊन थेंब घालू शकत नाही. दिवसातून तीन-चार वेळा घालते आणि औषध हरतं. डोळ्यात जास्त वेळ टिकणाऱ्या जेलची गरज इथून सुरू होते. हा लेख विदर्भातल्या फार्मसी कॉलेजांत बी. फार्म. आणि एम. फार्म. करणाऱ्यांसाठी आहे. प्रकल्पाचा विषय म्हणून दरवर्षी कुणीतरी डोळ्यांचं जेल घेतंच. ते घेताना आपला उन्हाळा, आपलं पाणी आणि आपला रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून घ्यावं, असा माझा आग्रह आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. इथे सांगितलेलं सगळं कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी आहे. तयार झालेलं जेल स्वतःच्या, घरच्यांच्या किंवा कुणाही माणसाच्या डोळ्यात घालायचं नाही, कितीही स्वच्छ दिसत असलं तरी. २०२३ साली भारतात बनलेल्या कृत्रिम अश्रूंच्या थेंबांशी जोडलेला स्यूडोमोनास जंतूचा संसर्ग अमेरिकेतल्या १८ राज्यांत पसरला. ८१ रुग्ण सापडले, १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळाच काढावा लागला आणि चौघे दगावले. परवाना असलेल्या कारखान्यातून निघालेल्या मालाची ही गोष्ट आहे. कॉलेजच्या बीकरमधून निघालेल्या बाटलीवर विसंबण्याचा प्रश्नच येत नाही.

थेंब का टिकत नाही

आकडे आधी समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक निवड त्यांवर उभी आहे. डोळ्यात एरवी अश्रू असतात सुमारे ७ मायक्रोलिटर. न मिचकावता डोळा फार तर ३० मायक्रोलिटर धरून ठेवतो. बाटलीतून पडणारा थेंब असतो ३० ते ५० मायक्रोलिटरचा. म्हणजे थेंब पडताच बराचसा भाग गालावर ओघळतो किंवा अश्रुनलिकेतून नाकात उतरतो. घशाशी कडू लागतं ते त्यामुळेच. उरलेलं औषध अश्रू धुऊन नेतात, कारण दर मिनिटाला साधारण १६ टक्के अश्रू बदलत असतात. डोळ्याच्या आत पोचणारं औषध ५ टक्क्यांहूनही कमी भरतं.

मलम टिकतं, पण दिसणं धूसर होतं. ते लावून विळा हातात घेणं धोक्याचं, म्हणून मलम रात्रीपुरतं राहतं. इन सिटू जेल या दोन्हींमधला मार्ग काढतं. बाटलीत ते पातळ असतं, थेंबासारखं पडतं आणि डोळ्यात गेल्यावर घट्ट होतं. ही कल्पना नुसती प्रबंधांतली नाही. काचबिंदूसाठी जेलन गम या डिंकासारख्या पदार्थात बनवलेलं टिमोलॉल नव्वदच्या दशकापासून वापरात आहे. बाटलीतच घट्ट असलेली जेलही आहेत. हर्पिसच्या व्रणासाठी ०.१५ टक्के गॅन्सिक्लोव्हिरच्या जेलला अमेरिकेत २००९ मध्ये मान्यता मिळाली, तर शस्त्रक्रियेनंतरच्या दाहासाठी ०.५ टक्के लोटेप्रेडनॉलच्या जेलला २०१२ मध्ये.

पहिली पायरी : औषध निवडणं

आजार जंतूंचा आहे, बुरशीचा, विषाणूचा की नुसत्या दाहाचा, हे ठरल्याशिवाय औषध ठरत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ आली होती. अशा साथी बहुतेक वेळा अ‍ॅडिनोव्हायरससारख्या विषाणूंमुळे येतात आणि त्यांवर अँटिबायोटिक काम करत नाही. त्यामुळे प्रबंधाच्या पहिल्या पानावर ‘डोळे येण्यासाठी मॉक्सिफ्लॉक्सासिन जेल’ असं मोघम लिहू नका. ‘जिवाणूजन्य नेत्रदाहासाठी’ असं नेमकं लिहा.

दाहासाठी स्टेरॉइड घ्यायचा मोह होतो. माझं मत स्पष्ट आहे : पहिल्या प्रकल्पात स्टेरॉइड नको आणि अँटिबायोटिक-स्टेरॉइडची जोडगोळी तर मुळीच नको. आपल्याकडे मेडिकलवर येऊन “भाऊ, डोयाले काडी लागली, तो मागचाच ड्रॉप द्या” असं सांगणारा माणूस रोज भेटतो. त्या मागच्या ड्रॉपमध्ये स्टेरॉइड असलं तर लाली उतरते, दोन दिवस बरं वाटतं आणि आत बुरशी मोकाट पसरते. थेंबाऐवजी जेल दिलं की तेच स्टेरॉइड आणखी जास्त वेळ डोळ्यात राहील. दाहावरच काम करायचं असेल तर केटोरोलॅक ट्रोमेथामाइन पाण्यात सहज विरघळतं, ते घेता येईल. मात्र कॉर्नियावर आधीच जखम असेल तर या गटातली औषधंही ती वाढवू शकतात. हे प्रबंधात स्वच्छ लिहावं लागेल.

शिकण्यासाठी मॉक्सिफ्लॉक्सासिन हायड्रोक्लोराइड सगळ्यांत सोयीचं. पाण्यात विरघळतं, उष्णता बऱ्यापैकी सोसतं, यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर सहज मोजता येतं. प्रकाशाचं मात्र त्याला वावडं आहे. विदर्भाची खरी गरज असलेलं नाटामायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून त्याचं जेल अवघड. आधी मॉक्सिफ्लॉक्सासिनवर हात बसवा. नाटामायसिनकडे मी शेवटी येतो.

दुसरी पायरी : कोणतं जेल? इथे उन्हाळ्याला विचारा

डोळ्यात गेल्यावर द्रव घट्ट होण्याचे तीन रस्ते आहेत : तापमानाने, पीएचने आणि क्षारांनी.

तापमानाने घट्ट होणारं म्हणजे पोलॉक्झामर ४०७. साधारण १५ ते २० टक्के प्रमाणात ते थंडीत पातळ राहतं आणि डोळ्याच्या ३४ अंशांच्या आसपास जेल बनतं. बनवायला सोपं : थंड पाण्यात भुरभुरवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं, झालं. त्यामुळे विद्यार्थी पहिली उडी त्यावरच घेतात. आता विचार करा. हे जेल ३४ अंशांना घट्ट होतं आणि मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला इथे पारा ४५ च्या घरात असतो. टिनाच्या छपराखालच्या घरात किंवा दुकानाच्या फळीवर बाटलीच जेल होऊन बसेल. थंड केलं की पुन्हा पातळ होईल हे खरं. पण ज्या घरात फ्रीज नाही, किंवा आहे पण वीज नाही, तिथे रुग्ण बाटली दाबत राहील आणि एकतर काहीच येणार नाही किंवा गोळाच बाहेर पडेल. दुसरीकडून पाहिलं तर अश्रूंनी पातळ झालं की पोलॉक्झामरचं घट्ट होण्याचं तापमान वर सरकतं. म्हणजे बाटलीत नको तेव्हा घट्ट आणि डोळ्यात हवं तेव्हा पातळ. एसी खोलीत केलेल्या चाचण्यांत यातलं काहीच दिसत नाही. विदर्भासाठी पोलॉक्झामर एकट्याच्या भरवशावर घेऊ नये.

पीएचने घट्ट होणारं कार्बोपॉल. बाटलीत पीएच ४ ते ५ च्या दरम्यान असताना ते पातळ असतं, अश्रूंच्या ७.४ पीएचला घट्ट होतं. आंबटपणामुळे डोळा चुरचुरतो, मग पाणी सुटतं आणि औषध धुऊन जातं. एचपीएमसी हा दाटपणा देणारा पदार्थ मिसळून कार्बोपॉलचं प्रमाण कमी केलं तर हा त्रास घटतो. आणखी एक बाब अनेक कॉलेजांत अजून दुर्लक्षित आहे. कार्बोपॉल ९४० बनवताना बेंझीन वापरलं जातं आणि बेंझीन कर्करोगकारक आहे. औषधात ते २ पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत दोन भागांच्या, वर चालत नाही. जुन्या प्रबंधांतून ‘९४०’ हा आकडा तसाच उतरत आला म्हणून तो पुढे चालवू नका. ९७४पी किंवा ९८० हा बेंझीनविरहित प्रकार मागवा.

तिसरा रस्ता क्षारांचा. जेलन गम अश्रूंतल्या सोडियम आणि कॅल्शियमच्या आयनांनी घट्ट होतो. खोलीत ४५ अंश असोत की १२, बाटलीत तो पातळच राहतो, कारण बाटलीत क्षार नसतात. पीएच डोळ्याला मानवेल असा ठेवता येतो. उन्हाळ्याच्या कसोटीवर तो इतर दोघांपेक्षा सरस उतरतो, म्हणून पुढची कृती जेलन गमची. सोडियम अल्जिनेटही याच गटातला आहे आणि स्वस्तात मिळतो. पण ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, उष्णतेत त्याच्या साखळ्या तुटून घट्टपणा उतरतो.

तिसरी पायरी : मिश्रण ठरवणं

१०० मिलिलिटरसाठी सुरुवात अशी करा : मॉक्सिफ्लॉक्सासिन हायड्रोक्लोराइड ०.५४५ ग्रॅम (म्हणजे ०.५ टक्के मॉक्सिफ्लॉक्सासिन), डीअ‍ॅसिटिलेटेड जेलन गम ०.६ ग्रॅम, मॅनिटॉल सुमारे ४.५ ग्रॅम, पीएच ६.५ ते ७ वर आणण्यापुरतं ट्रोमेथामाइन आणि बाकी शुद्ध पाणी. जेलन गमच्या ०.३, ०.४, ०.५ आणि ०.६ टक्के अशा चार तुकड्या (बॅच) करून तुलना करा.

मॅनिटॉलच का? डोळ्याचं औषध अश्रूंइतकंच खारं असावं लागतं, साधारण ३०० मिलिऑस्मोल. हात सवयीने ०.९ टक्के मिठाकडे जातो. इथे मीठ घातलं तर जेलन गम बीकरमध्येच घट्ट होईल. मॅनिटॉल आयन सोडत नाही, म्हणून तो. याच कारणाने सोडियम फॉस्फेटचा बफर टाळायचा आणि पीएचसाठी ट्रोमेथामाइन घ्यायचं. तयार मिश्रण ऑस्मोमीटरवर मोजून मॅनिटॉल थोडं कमीजास्त करा. कॉलेजात ऑस्मोमीटर नसेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या बायोकेमिस्ट्री विभागात विचारा.

पाण्याकडे मी मुद्दाम थांबतो. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर. डीआयोनायझरचा कॉलम संपत आला असेल तर ते कॅल्शियम तुमच्या ‘शुद्ध’ पाण्यात येतं आणि जेलनच्या गुठळ्या होतात. विद्यार्थी समजतो की जेलनची पुडी खराब निघाली. ताजं डिस्टिल्ड पाणी घ्या, वापरण्याआधी कंडक्टिव्हिटी मोजा आणि आकडा वहीत लिहा. दर तुकडीला.

प्रिझर्व्हेटिव्हचा, म्हणजे बाटलीत जंतू वाढू न देणाऱ्या पदार्थाचा, निर्णय घाईने नको. बाजारातले मॉक्सिफ्लॉक्सासिनचे काही थेंब प्रिझर्व्हेटिव्हविनाच येतात. घालायचं ठरवलं तर लक्षात ठेवा, बेंझाल्कोनियम क्लोराइड धनभारित आहे आणि जेलन, कार्बोपॉल, अल्जिनेट हे सगळे ऋणभारित. दोघं एकमेकांना चिकटले की प्रिझर्व्हेटिव्हचा जोर कमी होतो, क्वचित द्रव गढूळही होतो. म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह पुरतं की नाही हे तयार जेलमध्ये जंतू मुद्दाम टाकून, औषधकोशातल्या (फार्माकोपियातल्या) पद्धतीने तपासल्याशिवाय ठरवायचं नाही. बुरशीसकट.

चौथी पायरी : प्रत्यक्ष बनवणं

सुमारे ७० मिलिलिटर पाणी मॅग्नेटिक स्टररवर ठेवा आणि चांगला भोवरा पडू द्या. जेलन गमची पूड त्या भोवऱ्याच्या कडेला चिमटीचिमटीने भुरभुरवा. एकदम ओतली की बाहेरून ओली आणि आतून कोरडी अशी गाठ बनते, मग ती तासभर ढवळूनही फुटत नाही. सगळी पूड पसरल्यावरच तापवायला घ्या. ९० अंशांपर्यंत न्या आणि द्रव निव्वळ पारदर्शक होईपर्यंत तिथेच ठेवा. आता मॅनिटॉल घालून विरघळवा. उडालेल्या पाण्याची भर घालण्यासाठी बीकरचं वजन आधी आणि नंतर करा.

दुसऱ्या बीकरमध्ये सुमारे २० मिलिलिटर पाण्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन विरघळवा. पिवळसर द्रव होईल. ट्रोमेथामाइन थेंबाथेंबाने घालून पीएच ६.५ ते ७ वर आणा. पीएच त्याहून वर गेला तर औषधाची विद्राव्यता घसरते, म्हणून हात आखडता ठेवा. बीकरभोवती अ‍ॅल्युमिनियमची पन्नी गुंडाळा.

निर्जंतुकीकरण इथेच ठरतं. घट्ट द्रव ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून जात नाही. म्हणून जेलन-मॅनिटॉलचा द्रव काचेच्या बाटलीत भरून ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना, १५ पौंड दाबावर, किमान १५ मिनिटं ठेवायचा. औषधाचा द्रव ०.२२ मायक्रॉनच्या निर्जंतुक गाळणीतून गाळायचा. मग लॅमिनार एअर फ्लोखाली, म्हणजे गाळलेल्या स्वच्छ हवेच्या झोतात, जेलनचा द्रव ४० ते ४५ अंशांवर कोमट असताना औषधाचा द्रव हळूहळू ढवळत मिसळायचा आणि निर्जंतुक पाण्याने १०० मिलिलिटर पुरं करायचं. जोरात ढवळलं तर बुडबुडे अडकतात आणि तासन्‌तास निघत नाहीत.

मिसळताना टॉर्चच्या उजेडात काळ्या पार्श्वभूमीवर पाहत राहा. धूसरपणा आला तर औषध आणि जेलन एकमेकांना धरताहेत. पीएच तपासा, जेलनचं प्रमाण कमी करून पाहा. ऑटोक्लेव्हआधीचा आणि नंतरचा घट्टपणा दोन्ही मोजायचे, नाहीतर उष्णतेने किती नुकसान केलं ते कधीच कळणार नाही.

बाटल्या पूर्वनिर्जंतुक, तीन भागांच्या घ्या : बाटली, नोझल, झाकण. एलडीपीईची (मऊ प्लास्टिकची) बाटली ऑटोक्लेव्हमध्ये टाकायची नाही, ती उष्णतेने मऊ पडून चपटी होते. लॅमिनार खाली काम चालू असताना शेजारी उघडी अगार प्लेट ठेवा आणि नंतर ती उबवा. तिच्यावर वसाहती उगवल्या तर ती तुकडी निर्जंतुक म्हणता येणार नाही.

पाचवी पायरी : चाचण्या, आणि त्यांचा अर्थ

पारदर्शकता, पीएच, ऑस्मोलॅलिटी, औषधाचं प्रमाण या चाचण्या तुम्ही कराल आणि त्या सरळ आहेत. जिथे बहुतेक प्रबंध फसतात तिथे मी जास्त वेळ घेतो.

कृत्रिम अश्रूंचा नेहमीचा द्रव असा : सोडियम क्लोराइड ०.६७ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट ०.२ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ०.००८ ग्रॅम, पाणी १०० ग्रॅमपर्यंत. टेस्ट ट्यूबमध्ये याचे २ मिलिलिटर घेऊन त्यात एक थेंब टाकायचा आणि ‘लगेच घट्ट झालं, टिकलं’ म्हणून तीन अधिकची खूण द्यायची, ही रूढ पद्धत. पण डोळ्यात २ मिलिलिटर अश्रू असतातच कुठे? तिथे ७ मायक्रोलिटर अश्रूंवर ४० मायक्रोलिटरचा थेंब पडतो. ट्यूबमध्ये क्षारांचा पूर आहे, डोळ्यात चिमूटभर. म्हणून दुसरी चाचणी जरूर करा. ३४ अंशांवर तापवलेल्या काचपट्टीवर मायक्रोपिपेटने ४० मायक्रोलिटर जेलद्रव आणि ७ मायक्रोलिटर कृत्रिम अश्रू मिसळा, अर्धा मिनिट थांबा आणि पट्टी उभी करा. ओघळतं की थांबतं ते पाहा. ट्यूबमध्ये तीन अधिक मिळवलेलं ०.३ टक्क्यांचं मिश्रण इथे सरळ ओघळू शकतं. चार तुकड्यांतून निवड याच चाचणीवर करावी, असं मला वाटतं.

घट्टपणा ब्रुकफील्ड व्हिस्कोमीटरवर कमी ते जास्त वेगाने मोजा. वेग वाढला की घट्टपणा उतरला पाहिजे. पापणी मिटताना द्रवावर मोठा ताण येतो. तेव्हा जेल पातळ झालं नाही तर डोळ्यात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं आणि रुग्ण डोळा चोळतो. हीच मापं नुसत्या द्रवावर आणि ४०:७ मिश्रणावर अशी दोन्ही घ्या.

बाटलीतून थेंब पडतो का, हेही तपासा. दहा थेंबांचं वजन करा. मग हाताला घट्टे पडलेल्या एखाद्या वयस्क माणसाला ती बाटली दाबायला द्या. थेंबासाठी जोर लावावा लागत असेल तर जेलनचं प्रमाण उतरवा किंवा मऊ बाटली घ्या.

औषध किती वेगाने सुटतं हे फ्रान्झ डिफ्यूजन सेल या मधे पडदा असलेल्या काचेच्या दुहेरी भांड्यात, डायलिसिस पडद्यातून ३४ अंशांवर मोजता येईल. आठ तास औषध सुटत राहिलं, असा आलेख येईल आणि लगेच ‘दिवसातून तीनदा पुरे’ असं लिहावंसं वाटेल. तसं लिहू नका. त्या सेलला पापण्या नाहीत, अश्रू वाहत नाहीत, नाक नाही. या चाचणीतून तुमच्या चार तुकड्या एकमेकींशी पडताळता येतात. दिवसातून किती वेळा घालायचं हे ती सांगत नाही. कत्तलखान्यातून आणलेल्या बकऱ्याच्या डोळ्यांच्या कॉर्नियावरची चाचणी थोडी जास्त बोलते. डोळे थंड सलाइनमध्ये आणा, काही तासांत वापरा आणि पडद्याची बाहेरची बाजू औषधाकडे ठेवा.

जंतूंवरचा परिणाम कप-प्लेट पद्धतीने स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्यूडोमोनास एरुजिनोसावर तपासा, बाजारातल्या थेंबांशी तुलना करून. जेलभोवतीचं वर्तुळ सुरुवातीला लहान दिसलं तर घाबरू नका. जेलमधून औषध अगारमध्ये सावकाश उतरतं.

निर्जंतुकतेची चाचणी १४ दिवसांची आहे : फ्लुइड थायोग्लायकोलेट माध्यम ३० ते ३५ अंशांवर, सोयाबीन-केसिन माध्यम २० ते २५ अंशांवर. आपल्याकडे उन्हाळ्यात २० ते २५ अंश खोलीत मिळणार नाहीत, खोलीपेक्षा थंड तापमानही राखणारा बीओडी इनक्युबेटर लागेल. दुसरी अडचण म्हणजे तुमच्या जेलमध्ये अँटिबायोटिकच आहे. ते माध्यमात उतरलं तर जंतू असूनही उगवणार नाहीत आणि नापास जेल पास होईल. म्हणून जेल निर्जंतुक द्रवात पातळ करून पडद्यावर गाळायचं, तो पडदा पुन्हापुन्हा धुवायचा आणि मगच माध्यमात टाकायचा. शेजारी मोजके जंतू मुद्दाम टाकलेली एक नळी ठेवा. तिच्यात वाढ दिसली तरच चाचणी ग्राह्य.

चुरचुर होते का हे पाहायला ससा लागत नाही. हॅचरीतून आणलेली फलित अंडी साधारण नऊ दिवस उबवून, आतल्या रक्तवाहिन्यांच्या पडद्यावर जेल टाकून ५ मिनिटं निरीक्षण करता येतं. रक्तस्राव, वाहिन्या विरघळणं, गोठणं यांच्या वेळा नोंदवायच्या. एका अंड्यावर ०.९ टक्के सलाइन आणि एकावर ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड टाकून दोन्ही टोकं दाखवा. पुढे प्राण्यांवर काही करायचं असेल तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची लेखी परवानगी आधी.

सहावी पायरी : मे महिना सोसायला लावणं

४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रता ही वेगवान टिकाऊपणा चाचणीची अट सगळ्यांना पाठ असते. प्लास्टिकच्या बाटलीतल्या पातळ औषधासाठी ती अपुरी आहे. एलडीपीईतून पाण्याची वाफ हळूहळू बाहेर जाते आणि ७५ टक्के आर्द्रतेत हे लपून राहतं. अशा बाटल्यांसाठी आयसीएचची (औषधांचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेची) वेगळी अट आहे : ४० अंश, आर्द्रता २५ टक्क्यांहून जास्त नको. वैशाखातली आपली हवा नेमकी अशीच असते. बंद डेसिकेटरमध्ये कोरडी सिलिका जेल भरून तो ४० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवला तरी कामचलाऊ सोय होते. बाटल्या दर आठवड्याला वजन करा. तीन महिन्यांत पाणी ५ टक्के घटलं तर तो लक्षणीय बदल धरला जातो. पाणी घटलं की औषध आणि जेलन दोन्ही दाट होतात आणि पहिल्या दिवशी सुरेख पडणारा थेंब नोझलमध्ये अडकू लागतो.

याच्या जोडीला एक साधी चाचणी मी प्रत्येक विद्यार्थ्याला करायला सांगतो. काही बाटल्या एप्रिल-मेमध्ये टिनाच्या छपराच्या खोलीत, काही फळीवर, काही माठाच्या तिवईखाली ओल्या वाळूत ठेवलेल्या डब्यात ठेवा. शेजारी थर्मामीटर ठेवून रोजचं कमाल तापमान लिहा. औषधकोशात ही चाचणी नाही, पण परीक्षकाच्या ‘हे खेड्यात टिकेल का?’ या प्रश्नाला तुमच्याकडे आकड्यांत उत्तर असेल.

कायदा आणि लेबल

डोळ्यांच्या औषधांचे निकष औषध नियम, १९४५ (आधीचं नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांच्या परिशिष्ट एफएफमध्ये आहेत. लेबलवर उघडल्यानंतर एका महिन्यात वापरण्याची सूचना, प्रिझर्व्हेटिव्हचं नाव आणि प्रमाण, ‘इंजेक्शनसाठी नाही’ आणि नोझलचं टोक कशालाही न लावण्याची ताकीद लागते. प्रकल्पाच्या बाटलीवर ‘केवळ प्रयोगशाळेतील चाचणीसाठी’ हे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा. औषध जुनं आणि मान्यताप्राप्त असलं तरी त्याचं नवं स्वरूप २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार ‘नवीन औषध’ ठरू शकतं. मग माणसांवर जाण्यासाठी सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची परवानगी आणि नैतिकता समितीची मंजुरी दोन्ही लागतात. कॉलेजचं काम त्या उंबरठ्याच्या अलीकडे थांबतं.

पण नेत्रतज्ज्ञांशी बोलायला परवानगी लागत नाही. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून ग्रामीण रुग्णांमध्येच काम करत आलं आहे. यवतमाळ, अकोला, चंद्रपूरलाही शासकीय महाविद्यालयं आहेत. विषय नोंदवण्याआधी तिथल्या नेत्ररुग्ण विभागात एक सकाळ बसा. रुग्ण बाटली कशी धरतो, कुठे ठेवतो, किती दिवसांनी परत येतो, हे तिथे कळतं.

मग नाटामायसिन

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतात झालेल्या मोठ्या चाचणीत बुरशीच्या व्रणावर नाटामायसिन व्होरिकोनाझोलपेक्षा सरस ठरलं, विशेषतः फ्युजेरियमवर. म्हणजे औषध हाताशी आहे, त्याचा मुक्काम वाढवायचा आहे.

इथे कृती बदलते. नाटामायसिन विरघळत नाही, म्हणून ते निलंबनाच्या रूपात जेलनमध्ये टांगायचं. कण बारीक हवेत. बहुतेक सगळे १० मायक्रॉनच्या आत असावेत, नाहीतर डोळ्यात खडा गेल्यासारखं होतं. मायक्रोस्कोपखाली मोजून यादीच करा. कणांचं औषध ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीवरच अडकेल, त्यामुळे मॉक्सिफ्लॉक्सासिनची गाळण्याची वाट इथे बंद. ऑटोक्लेव्हची उष्णताही त्याला सोसत नाही. आधीच निर्जंतुक केलेली पूड मिळवून ती निर्जंतुक जेलनमध्ये मिसळणं हाच व्यवहार्य मार्ग, आणि तो महाग आहे. मार्गदर्शकांशी खर्चाचं बोलणं विषय नोंदवण्याआधीच करा. प्रकाशापासून जपणं मॉक्सिफ्लॉक्सासिनइतकंच गरजेचं.

तुलनेच्या चाचण्या सॅबरो डेक्स्ट्रोज अगारवर, कॅन्डिडा आणि अ‍ॅस्परजिलसच्या प्रमाणित वाणांवर करा. फ्युजेरियमचा वाण मिळाला तर तो आधी घ्या, कारण आपल्या शेतातल्या काडीबरोबर तोच डोळ्यात येतो. बाटल्या आठवडाभर उभ्या ठेवा आणि मग दहा वेळा उलटसुलट करून पाहा. तळाचा थर सगळा उठला आणि पहिल्या व पाचव्या थेंबातलं औषधाचं प्रमाण सारखं भरलं, तर ४०:७ ची काचपट्टी पुन्हा काढा. थर दगडासारखा बसला असेल तर जेलन ०.१ टक्क्याने वाढवून नवी तुकडी लावा.